चावी मॉस्कोच्या हातात

लिथुआनियाच्या वायव्य कोपऱ्यात माझेइक्याय नावाचं छोटं शहर आहे. लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया या तीन बाल्टिक देशांतला एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना तिथे आहे, सोव्हिएत काळात बांधलेला. १८ एप्रिल १९९० रोजी त्या कारखान्याकडे येणारं कच्चं तेल मॉस्कोने बंद केलं. पाठोपाठ नैसर्गिक वायूचा पुरवठा घटवला. मग धातू, कोळसा, कारखान्यांना लागणारा इतर कच्चा माल यांची पाळी आली. पाच आठवड्यांपूर्वी, ११ मार्चला, लिथुआनियाने आपण पुन्हा स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं होतं. त्या घोषणेला क्रेमलिनने दिलेलं हे उत्तर होतं. रणगाडे न हलवता, एकही गोळी न झाडता या प्रजासत्ताकाला वठणीवर आणता येईल असा हिशेब त्यामागे होता.

लहान देश महासत्तेशी कसा झुंजतो हा विषय निघाला की आपल्याला व्हिएतनाम आठवतो, क्यूबा आठवतो. लिथुआनियाचं नाव सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. मला मात्र ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण दबावाचं यंत्र तिच्यात उघडं दिसतं. ते कशाच्या जोरावर चालतं, कुठे अडतं आणि त्याचे दात पाडायला किती वर्षं लागतात, हे सगळं एकाच देशाच्या पस्तीस वर्षांत पाहायला मिळतं.

आकाराने लिथुआनिया साधारण आपल्या मराठवाड्याएवढा. १९९० साली लोकसंख्या जेमतेम ३७ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेत एकट्या औरंगाबाद जिल्ह्याची होती तेवढी. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलरच्या जर्मनीने आणि स्टालिनच्या रशियाने अनाक्रमणाचा करार केला आणि त्याला जोडलेल्या गुप्त कलमांत मधले देश आपापसांत वाटून घेतले. पुढच्याच महिन्यात सुधारलेल्या त्या वाटणीनुसार जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा लिथुआनियात शिरल्या. पुढे हजारो कुटुंबं सायबेरियात धाडली गेली. जंगलात लपून लढणाऱ्यांची सशस्त्र झुंज १९५३ पर्यंत चालली आणि चिरडली गेली. शस्त्राने शस्त्राला उत्तर देण्याचा प्रयोग या देशाने पुरेपूर केला होता आणि त्याची किंमतही मोजली होती. १९८८ मध्ये ‘सायुदिस’ ही चळवळ उभी राहिली तेव्हा तिने बंदुकीचा विचार केला नाही, यामागे ही आठवण होती.

त्या गुप्त कराराला ५० वर्षं झाली त्या दिवशी, २३ ऑगस्ट १९८९ रोजी, राजधानी विल्नियसपासून लॅटव्हियातल्या रिगामार्गे एस्टोनियातल्या टॅलिनपर्यंत ६०० किलोमीटरहून लांब मानवी साखळी उभी राहिली. तिन्ही देशांतले सुमारे २० लाख लोक एकमेकांचे हात धरून रस्त्याच्या कडेला उभे होते. फेब्रुवारी १९९० च्या निवडणुकीत सायुदिसला बहुमत मिळालं आणि संसदेचं अध्यक्षपद व्हिटाउटास लँड्सबर्गिस यांच्याकडे आलं. पेशाने ते संगीताचे प्राध्यापक. चियुर्ल्योनिस या लिथुआनियन संगीतकार-चित्रकाराचे ते अभ्यासक होते. ११ मार्चच्या मतदानात स्वातंत्र्याच्या बाजूने १२४ मतं पडली, सहा जण तटस्थ राहिले, विरोधात एकही मत नव्हतं.

या ठरावाच्या शब्दांत सगळी मेख होती. आम्ही सोव्हिएत संघातून बाहेर पडतो, असं त्यात म्हटलेलं नव्हतं. १९४० मध्ये बळाने हिरावलेलं राज्य आम्ही पुन्हा चालू करत आहोत, असं म्हटलं होतं. हा काथ्याकूट नव्हता. तीनच आठवड्यांनी मॉस्कोने संघातून बाहेर पडण्याचा कायदा केला, त्यात दोन-तृतीयांश बहुमताचं सार्वमत आणि पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ अशा अटी घातल्या. बाहेर पडण्याची परवानगी मागितली असती तर लिथुआनिया त्या चक्रव्यूहात शिरला असता. ‘आम्ही कायद्याने कधी आत आलोच नाही’ ही भूमिका घेतल्यावर तो कायदा लागूच पडत नव्हता. शिवाय अमेरिकेने १९४० चं विलीनीकरण कधीच मान्य केलेलं नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये जुन्या लिथुआनियाचा दूतावास पन्नास वर्षं तग धरून होता. लहान देशाकडे सैन्य नसतं, तेव्हा कायद्याचा कागद नीट जपून ठेवणं हे त्याच्या हाती असलेलं मोठं काम असतं.

सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांनी १३ एप्रिलला निर्वाणीचा इशारा दिला: घोषणेनंतर केलेले कायदे दोन दिवसांत मागे घ्या, नाहीतर पुरवठा तोडू. लिथुआनियाने ते कायदे मागे घेतले नाहीत.

हा घाव किती खोल बसणार होता हे समजायचं तर सोव्हिएत अर्थव्यवस्थेची रचना पाहावी लागते. तिथे कारखाना कुठे उभारायचा हे केंद्रीय नियोजन ठरवत असे, आणि एका प्रजासत्ताकात बनणारी वस्तू दुसऱ्यातल्या कच्च्या मालावर अवलंबून असे. लिथुआनियाचं जवळपास सगळं तेल आणि सगळा वायू रशियातून येत होता, तेही एकाच दिशेने आलेल्या नळांतून. आपल्याकडे नगरपालिकेचा माणूस मोठी लोखंडी चावी फिरवून एकेका पेठेचं पाणी सोडतो. विहीर नसलेल्या पेठेची जी गत त्या माणसापुढे होते, ती या देशाची मॉस्कोपुढे होती.

पेट्रोल रेशनवर गेलं. बसच्या फेऱ्या कमी झाल्या, घरांतलं गरम पाणी बंद झालं, रस्त्यांवर सायकली वाढल्या. माझेइक्यायचा कारखाना काही दिवसांतच थंडावला. योनावा इथला खतकारखाना वायूवरच चालणारा, तोही थांबला. हजारो कामगार घरी बसले. पंतप्रधान होत्या कझिमिएरा प्रुन्स्किएने. त्या स्वतः अर्थतज्ज्ञ. कोणत्या कारखान्याला किती दिवसांचं इंधन द्यायचं आणि रुग्णालयं, दूध-पुरवठा, शेतीची पेरणी यांसाठी किती राखायचं, याची गणितं त्यांच्या सरकारला रोज मांडावी लागत होती.

तरी नाकेबंदी पूर्ण होऊ शकली नाही. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग इथे आहे. परस्परावलंबनाची रचना ज्या मॉस्कोने केली होती, तिच्यात मॉस्कोही अडकलेली होती. लिथुआनियाच्या पलीकडे, पोलंड आणि समुद्राच्या मध्ये, कॅलिनिनग्राड हा रशियाचा तुटक प्रांत आहे. तिथे बाल्टिक आरमाराचा तळ होता आणि तिथली रेल्वे, वीज, वायू लिथुआनियातूनच जात होती. त्यामुळे वायू शून्यावर आणणं रशियालाच परवडणारं नव्हतं. इग्नालिना इथलं अणुवीज केंद्र, चेर्नोबिलच्याच जातीच्या अणुभट्ट्यांचं, देशाच्या गरजेहून जास्त वीज बनवत होतं, म्हणजे दिवे विझवणं शक्य नव्हतं. पानेव्हेझिस शहरातला ‘एक्रानास’ हा कारखाना दूरचित्रवाणी संचांच्या चित्रनळ्या बनवत असे. विल्नियसमध्ये त्यांचेच आणखी काही भाग तयार होत. ते थांबले की रशिया आणि युक्रेनमधल्या जुळणी कारखान्यांचे हात आखडत. लिथुआनियाचं मांस आणि लोणी रशियातल्या शहरांत जात होतं, आणि तिथल्या दुकानांतली फडताळं आधीच रिकामी होती.

मग व्हायचं तेच झालं. सोव्हिएत कारखान्यांचे व्यवस्थापक वरचा हुकूम आणि खालची गरज यांच्यात गरजेकडे झुकले. मांस देऊन पेट्रोल, सुटे भाग देऊन धातू, असे सौदे शहराशहरांत, कारखान्याकारखान्यांत गुपचूप होऊ लागले. आदेश देणारी महासत्ता आणि आदेश पाळणारी माणसं यांच्यात फट पडली होती. मे महिन्याच्या अखेरीस बोरिस येल्त्सिन रशियन प्रजासत्ताकाच्या संसदेचे अध्यक्ष झाले आणि १२ जूनला खुद्द रशियानेच सार्वभौमत्वाचा ठराव केला. आता नाकेबंदीचा हुकूम सोडणाऱ्या केंद्राखालची जमीनच सरकू लागली होती.

पश्चिमेने काय केलं? फार थोडं. प्रुन्स्किएने मे महिन्यात बुश, थॅचर, मितेराँ, कोल या सगळ्या पाश्चात्त्य नेत्यांना भेटून आल्या. मान्यता कुणीच दिली नाही. दोन जर्मनी एक होण्याच्या बेतात होत्या आणि त्यासाठी गोर्बाचेव्ह हवे होते. लिथुआनियाचा हट्ट त्या हिशेबात अडचणीचा होता. एप्रिलच्या अखेरीस कोल आणि मितेराँ यांनी लँड्सबर्गिस यांना पत्र लिहून घोषणेचे परिणाम काही काळ स्थगित ठेवण्याचा सल्ला दिला. मित्र म्हणवणाऱ्यांकडूनही दबावच येतो, हा अनुभव लहान देशांना वारंवार येतो. अमेरिकी सिनेटने मात्र नाकेबंदी उठेपर्यंत सोव्हिएत संघाला व्यापारी सवलती देऊ नयेत असा ठराव केला, आणि त्या सवलतींची गोर्बाचेव्ह यांना निकड होती.

२९ जूनला लिथुआनियाच्या संसदेने तडजोड स्वीकारली. तिचे शब्द बारकाईने पाहावेत असे आहेत. ११ मार्चच्या ठरावातून निघणाऱ्या कृतींना १०० दिवसांची स्थगिती द्यायची, पण ती स्थगिती औपचारिक वाटाघाटी सुरू होतील त्या दिवसापासून मोजायची. ठराव रद्द झाला नाही. स्थगिती देण्यासाठी तो अस्तित्वात आहे हे मॉस्कोला मानावं लागलं. आणि वाटाघाटींच्या नुसत्या प्राथमिक बैठका होत राहिल्यामुळे ते १०० दिवस कधी सुरूच झाले नाहीत. जुलैच्या सुरुवातीला तेल पुन्हा वाहू लागलं. त्या वेळी देशातल्या अनेकांना ही माघार वाटली. संसदेत कडवट भाषणं झाली. मला ती शहाणपणाची चाल वाटते. अडीच महिन्यांत लोक थकले होते, इंधन संपत आलं होतं, आणि जे द्यायचं ते देताना मूळ गोष्ट शाबूत ठेवली गेली.

आर्थिक दबाव फसला की लष्करी दबाव येतो. जानेवारी १९९१ मध्ये जगाचं लक्ष कुवेतच्या संकटाकडे लागलेलं होतं. विल्नियसमध्ये सरकारने केलेल्या भाववाढीवरून असंतोष उसळला, प्रुन्स्किएने यांना राजीनामा द्यावा लागला. त्या गोंधळाचा फायदा घेऊन सोव्हिएत सैनिकांनी एकेक इमारत ताब्यात घ्यायला सुरुवात केली. १३ जानेवारीच्या पहाटे रणगाडे दूरचित्रवाणीच्या मनोऱ्याकडे वळले. मनोऱ्याभोवती हजारो नि:शस्त्र माणसं कडं करून उभी होती. त्या रात्रीच्या हल्ल्यात १४ जणांचा जीव गेला. लॉरेटा असानाविचिउटे या तरुण मुलीचा त्यांत समावेश होता. शेकडो जखमी झाले.

मनोरा सैन्याच्या हाती पडला, प्रक्षेपण तुटलं. थोड्या वेळात काउनास शहरातल्या छोट्या केंद्रातून प्रक्षेपण पुन्हा सुरू झालं. जमेल त्या भाषेत तिथले लोक बाहेरच्या जगाला घडलेलं सांगू लागले. विल्नियसमध्ये संसदेभोवती लोक जमले ते हटलेच नाहीत. काँक्रीटचे ठोकळे रचले गेले, शेकोट्या पेटल्या. सैन्याला संसद घेता आली असती, यात शंका नाही. पण त्यासाठी आणखी शेकडो माणसं छायाचित्रकारांसमोर मारावी लागली असती, आणि ती जबाबदारी मॉस्कोत कुणीही उघडपणे घ्यायला तयार नव्हतं. हुकूम कुणी दिला या प्रश्नावर गोर्बाचेव्ह यांनी हात झटकले. त्याच दिवशी येल्त्सिन टॅलिनला गेले आणि त्यांनी बाल्टिक प्रजासत्ताकांच्या बाजूने उघड भूमिका घेतली.

फेब्रुवारीत आइसलँडच्या संसदेने लिथुआनियाच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली. असं करणारा तो जगातला पहिला देश. लोकसंख्या जेमतेम अडीच लाख, स्वतःचं सैन्यही नाही. सोव्हिएत संघाने निषेध म्हणून रेक्याविकमधला आपला राजदूत परत बोलावला. मोठे देश आपापले हिशेब मांडत असताना एका लहान देशाने दुसऱ्याचा हात धरला. विल्नियसमधला एक रस्ता आज आइसलँडच्या नावाने ओळखला जातो.

आणखी एका निर्णयाची फारशी चर्चा होत नाही, मला तो निर्णायक वाटतो. मोठी सत्ता लहान देशात फट शोधते, आणि सगळ्यात सोपी फट असते ती अल्पसंख्याकांची. लिथुआनियात सुमारे ९ टक्के रशियन आणि ७ टक्के पोलिश होते. त्यांतल्या असंतुष्टांना हाताशी धरून मॉस्कोने संघटना उभ्या केल्या होत्या. लिथुआनियाने मात्र नोव्हेंबर १९८९ मध्येच नागरिकत्वाचा कायदा करून देशात राहणाऱ्या सगळ्यांना, भाषा किंवा वंश न विचारता, नागरिक होण्याची मुभा दिली. शेजारच्या लॅटव्हिया आणि एस्टोनियात तसं झालं नाही आणि तिथे हा प्रश्न पुढे दशकानुदशकं चिघळला. ९ फेब्रुवारी १९९१ च्या जनमत चाचणीत लिथुआनियातल्या जवळपास ८५ टक्के मतदारांनी मत दिलं आणि त्यांतल्या ९० टक्क्यांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. एवढा आकडा केवळ लिथुआनियन भाषकांच्या मतांनी गाठणं सोपं नव्हतं.

ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोतलं कट्टरांचं बंड फसलं, ६ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने बाल्टिक देशांचं स्वातंत्र्य मान्य केलं आणि १७ सप्टेंबरला ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य झाले. शेवटचा रशियन सैनिक ३१ ऑगस्ट १९९३ रोजी लिथुआनियातून गेला.

इतिहासाची पुस्तकं बहुधा इथे थांबतात. खरं म्हणजे झेंडा बदलला, राष्ट्रगीत बदललं, नळ मात्र तेच राहिले. तेलाचे, वायूचे, विजेचे. नाकेबंदीने शिकवलेला धडा अमलात आणायला या देशाला आणखी तीन दशकं लागली.

सुरुवात तेलापासून झाली. समुद्रातून जहाजाने आलेलं तेल उतरवता यावं म्हणून लॅटव्हियाच्या सीमेजवळ बूतिंगे इथे टर्मिनल बांधलं गेलं, ते १९९९ मध्ये चालू झालं. रशियाचा नळ शाबूत असताना एवढा खर्च कशाला, असा प्रश्न तेव्हा विचारला जात होता. २००६ मध्ये माझेइक्यायचा कारखाना विकायला निघाला. रशियन कंपन्यांना तो हवा होता. लिथुआनियाने तो पोलंडच्या ‘ओर्लेन’ला देण्याचं ठरवलं. त्याच जुलैत रशियाकडून येणाऱ्या ‘द्रुझ्बा’ तेलवाहिनीच्या फाट्यात गळती झाल्याचं सांगून पुरवठा थांबवण्यात आला. ती दुरुस्ती कधी झालीच नाही. पण १९९० ची पुनरावृत्ती झाली नाही. कारखाना बूतिंगेमार्गे आलेल्या तेलावर चालू राहिला, आजही चालतो.

वायूचं प्रकरण जास्त किचकट होतं. एकच विक्रेता, ‘गाझप्रॉम’. देशातल्या वायुवितरण कंपनीतही त्याचा मोठा हिस्सा. युरोपीय संघाच्या नियमानुसार वायूवाहिन्या आणि वायूची विक्री वेगळी करायला लिथुआनियाने सुरुवात केली, तसा शेजाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीपासून तो वंचित राहू लागला आणि युरोपातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी एक दर मोजू लागला. २०१३ च्या शरदात लिथुआनियाच्या मालट्रकांना रशियाच्या सीमेवर दिवसचे दिवस थांबवून ठेवलं गेलं, त्याच्या दुधाच्या पदार्थांवर बंदी आली. कारण उघड होतं: नोव्हेंबरमध्ये युक्रेन आणि युरोपीय संघ यांच्या कराराची परिषद विल्नियसमध्ये व्हायची होती.

ऑक्टोबर २०१४ मध्ये क्लाइपेडा बंदरात दक्षिण कोरियात बांधलेलं एक प्रचंड जहाज येऊन लागलं. द्रवरूप वायू साठवून त्याचा पुन्हा वायू करून देणारं हे तरंगतं केंद्र. त्याचं नाव ठेवलं होतं ‘इंडिपेंडन्स’, म्हणजे स्वातंत्र्य. मौज अशी की जहाज यायच्या आधीच, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, गाझप्रॉमने दर सुमारे २० टक्क्यांनी कमी करून दिला. दुसरा रस्ता वापरावा न लागता, तो आहे एवढ्यानेच पहिल्या रस्त्याची बोली बदलली. हे जहाज स्वस्त नव्हतं. देशाच्या गरजेपेक्षा ते मोठं आहे अशी टीका होत राहिली आणि त्याचा भार ग्राहकांच्या बिलांतून वसूल झाला. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर एप्रिलच्या सुरुवातीलाच लिथुआनियाने रशियन वायू पूर्णपणे थांबवल्याचं जाहीर केलं, युरोपीय संघात सर्वांत आधी. युरोपातल्या अनेक धनाढ्य देशांना ते त्या वर्षी जमलं नाही.

विजेचं जाळं तोडणं सगळ्यात अवघड ठरलं. जोडलेल्या जाळ्यातली सगळी जनित्रं एकाच तालात फिरावी लागतात, सेकंदाला ५० आवर्तनं. कुठे मागणी वाढली, कुठे जनित्र बंद पडलं तर हा ताल बिघडतो आणि कुणीतरी तो क्षणात सावरावा लागतो. बाल्टिक देशांचं जाळं रशिया आणि बेलारूसशी जोडलेलं होतं आणि ताल सावरण्याचं काम मॉस्कोतून होत होतं. वीज कुणाकडून विकत घ्यायची हे ठरवायला देश मोकळा होता. दिवे स्थिर ठेवणारा हात मात्र परका होता. त्यातच युरोपीय संघात जाताना घातलेल्या अटीनुसार इग्नालिनाची शेवटची अणुभट्टी २००९ च्या अखेरीस बंद करावी लागली आणि वीज निर्यात करणारा हा देश एका रात्रीत आयात करणारा झाला. मग स्वीडनपर्यंत समुद्राखालून केबल गेली, पोलंडला जोडणी झाली, ताल सावरणारी अवजड यंत्रं बसवली गेली. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिन्ही देशांनी रशियाशी असलेल्या जोडण्या तोडल्या, एक दिवस स्वतःच्या बळावर जाळं चालवून पाहिलं आणि ९ फेब्रुवारीला ते युरोप खंडाच्या जाळ्याला जोडलं. नाकेबंदीपासून या दिवसापर्यंत जवळपास पस्तीस वर्षं गेली होती. ही चिकाटी एका सरकारची नाही. डावे आले, उजवे आले, पंतप्रधान बदलले. हे काम कुणी मोडलं नाही.

याच देशाने दुसऱ्या एका महासत्तेशी झुंज घेतली तेव्हा मात्र चित्र इतकं स्वच्छ राहिलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये विल्नियसमध्ये तैवानचं प्रतिनिधी कार्यालय उघडलं. इतर देशांत अशा कार्यालयांच्या नावात ‘तैपेई’ असतं. इथे ‘तैवान’ हे नाव दिलं गेलं. चीनने राजनैतिक संबंधांचा दर्जा खाली आणला. डिसेंबरमध्ये चीनच्या सीमाशुल्क विभागाच्या संगणकावर देशांच्या यादीतून लिथुआनियाचं नावच दिसेनासं झालं. माल पाठवणाऱ्याला मूळ देश निवडताच येईना. लिथुआनियाच्या एकूण निर्यातीत चीनचा वाटा सुमारे १ टक्का होता, म्हणून थेट फटका झेपणारा होता. चीनने नेम दुसरीकडे धरला. जर्मनीसारख्या देशांतल्या ज्या कंपन्या लिथुआनियात बनलेले भाग वापरतात, त्यांच्याच मालाला चिनी बंदरांत अडचणी येऊ लागल्या. लिथुआनियाने आपले नळ मोजले होते, गिऱ्हाइकांची गिऱ्हाइकं मोजली नव्हती. जर्मन उद्योगांनी मग विल्नियसलाच नमतं घ्यायला सांगितलं.

मदतही आली. चीनला निघालेली रमच्या वीस हजारांहून अधिक बाटल्यांची खेप तैवानने विकत घेतली आणि २० कोटी डॉलरचा गुंतवणूक निधी जाहीर केला. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली; ती २०२४ मध्ये स्थगित ठेवली गेली आणि तशीच विरली. पण याच काळात आर्थिक बळजोरीविरुद्ध संघाने कायदा केला, तो डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. देशात मात्र एकवाक्यता नव्हती. जानेवारी २०२२ मध्येच राष्ट्राध्यक्ष गितानास नौसेदा यांनी कार्यालयाचं नाव ठरवण्यात चूक झाली असं जाहीरपणे म्हटलं. १९९० मध्ये १२४ विरुद्ध शून्य अशी जी ताकद होती, ती इथे नव्हती, आणि समोरच्याने ते ओळखलं होतं. तत्त्व बरोबर असूनही तयारी अपुरी होती, असं माझं मत आहे.

या सगळ्याची किंमत आकड्यांत दिसते. १९९० मधली ३७ लाखांची लोकसंख्या आज २९ लाखांच्या आत आहे. जुने बाजार तुटले, कारखाने बंद पडले, तरुण माणसं आयर्लंड, ब्रिटन, नॉर्वेकडे गेली. चित्रनळ्या बनवणारा तो एक्रानास कारखानाही पुढे दिवाळखोरीत गेला. त्याच वेळी विल्नियसमधल्या संशोधन प्रयोगशाळांतून लेझर बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांची उपकरणं आज जगभरच्या विद्यापीठांत वापरली जातात. अशी वस्तू विकणाऱ्याला सहजासहजी बाजाराबाहेर काढता येत नाही, आणि लहान देशासाठी हे दुसऱ्या वाहिनीइतकंच कामाचं आहे.

संरक्षणाच्या बाबतीत मात्र लिथुआनियाचं अवलंबन संपलेलं नाही, त्याने फक्त ते ज्यावर टाकायचं तो आधार निवडला आहे. २००४ मध्ये तो नाटोत गेला, २०१५ मध्ये सक्तीची लष्करी सेवा पुन्हा सुरू केली, आणि आता जर्मनी तिथे सुमारे ५ हजार जणांची ब्रिगेड कायमची ठेवणार आहे. वॉशिंग्टन किंवा बर्लिनमधलं वारं फिरलं तर काय, हा प्रश्न विल्नियसमध्ये उघडपणे विचारला जातो.

नळांवरचा ताबा सुटल्यावर दबावाने दुसऱ्या वाटा शोधल्या. २०२१ मध्ये बेलारूसने इराक आणि इतर देशांतून आलेल्या निर्वासितांना सीमेकडे ढकललं. लिथुआनियाला शेकडो किलोमीटरचं कुंपण घालावं लागलं आणि माणसांना परत लोटण्याच्या त्याच्या धोरणावर मानवी हक्क संघटनांनी कठोर टीका केली. विजेचं जाळं तोडायच्या सहा आठवडे आधी फिनलंड-एस्टोनियामधली समुद्राखालची वीजकेबल तुटली. २०२५ च्या शरदात बेलारूसच्या बाजूने तस्करीच्या सिगारेटी बांधलेले फुगे येऊ लागले आणि विल्नियसचा विमानतळ पुन:पुन्हा बंद ठेवावा लागला. सरकारने ऑक्टोबरच्या अखेरीस सीमा बंद केली, तेव्हा लिथुआनियाचेच मालट्रक मोठ्या संख्येने पलीकडे अडकले. नोव्हेंबरमध्ये सीमा उघडली, पण मिन्स्कने ते ट्रक लगेच सोडले नाहीत. इतक्या वर्षांत तेल, वायू आणि वीज यांचे पर्याय उभे करणाऱ्या सरकारला मग वाहतूकदारांना उत्तर द्यावं लागलं.